ऑसिलेटर दुपारी बेसूर का होतो?
सिंथेसायझरचा ऑसिलेटर (सूर काढणारं सर्किट) बेसूर होतो म्हणून ट्रिमपॉट (सूर जुळवायचा बारीक स्क्रूचा रेझिस्टर) बदलू का, असं विचारलंत. तो बदलून काही होणार नाही हो. सकाळी सुरात असलेला ऑसिलेटर दुपारी भरकटतो म्हणालात, म्हणजे दोष एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टरचा (दिलेल्या व्होल्टेजवरून सूर ठरवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या सर्किटचा). बाहेरून आपण सप्तकाला १ व्होल्ट देतो, पण ट्रान्झिस्टरच्या बेसवर (त्याला हुकूम देणाऱ्या पायावर) त्याचे जेमतेम १८ मिलिव्होल्ट उरतात, आणि सप्तकाला लागणारा हा आकडा तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.३३ टक्के सरकतो. देवगडला पत्र्याच्या पडवीत बसून केलेलं माझं पहिलं मॉड्यूल असंच नाचायचं. मग पन्नासेक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर मोजून त्यातली सारख्या आकड्याची जोडी निवडली (चिमट्याने धरा, बोटाच्या उबेनेही आकडा पळतो), सपाट तोंडं एकमेकांना चिकटवली, वर ३३०० पीपीएमचा टेम्पको रेझिस्टर (तापमानाबरोबर अंशाला ०.३३ टक्के बदलून ती सरक भरून काढणारा) टेकवला. आता तीन सप्तकं तरी सुरात राहतात. मला तेवढी पुरे.

आपल्याकडची खरी पीडा मात्र खारा वारा. सोल्डरिंग झालं की फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून वापरतात तो राळेसारखा पदार्थ) आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून काढा, नाहीतर आषाढात तो ओल धरतो आणि सॅम्पल अँड होल्डचा (व्होल्टेज टिपून धरून ठेवणाऱ्या सर्किटचा) धरलेला व्होल्टेज बोर्डावरूनच झिरपून जातो. माझे स्वस्तातले जॅक एकाच पावसाळ्यात हिरवे पडले. आता अख्खी पेटी पापडाच्या डब्यासारखी घट्ट झाकून ठेवतो, आत सिलिका जेलच्या पुड्या.