मदत हवी आहे: परसात दिसलेला पट्ट्यांचा साप मण्यार असावा की कवड्या?

नमस्कार.

आमच्या घरामागच्या परसात विटांचा एक जुना ढीग, सरपणाची मोळी आणि कुंपणालगत वाढलेले गवत आहे. गेल्या काही दिवसांत रात्रीच्या वेळी, मागचे दार उघडताच, काळपट रंगाचा आणि अंगावर आडवे पांढरे पट्टे असलेला एक साप भिंतीच्या कडेने विटांच्या ढिगाकडे जाताना दोनदा दिसला. जाडी साधारण अंगठ्याएवढी आणि लांबी हातभराहून थोडी अधिक असावी. विजेरीचा उजेड पडताच तो विटांमध्ये शिरला, त्यामुळे डोके नीट पाहता आले नाही आणि छायाचित्रही काढता आले नाही.

वर्णन सांगितल्यावर घरात दोन मते झाली. माझे यजमान म्हणतात की हा कवड्या आहे, बिनविषारी आहे, पाली खातो, त्याला राहू द्यावे. सासूबाईंना ती मण्यार वाटते आणि त्यांची धास्ती मला अनाठायी वाटत नाही, कारण त्या आणि माझी दोन्ही मुले जमिनीवरच अंथरूण घालून झोपतात. सापाला मारावे असे आमच्यापैकी कोणालाही वाटत नाही.

अंतरावरून या दोन सापांमधला फरक खात्रीने ओळखता येतो का? परसाच्या कडेने फिनाईल किंवा कार्बोलिक आम्ल शिंपडल्यास साप येत नाहीत, हे खरे आहे का? सर्पमित्रांना बोलावून हा साप दूर नेऊन सोडल्यास प्रश्न सुटेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

ताई, आपण सापाच्या मागे ढिगात हात घातला नाहीत, हे फार चांगले केलेत. मी बरीच वर्षे सर्पमित्र म्हणून काम करतो, आणि मण्यार व कवड्या यांची गल्लत हीच मला सर्वांत घातक वाटते, कारण बिनविषारी समजून उचललेल्या मण्यारीने माणसे दगावली आहेत.

फरक पट्ट्यांच्या मांडणीत आहे. मण्यारीचा रंग चकचकीत काळा किंवा निळसर काळा असतो, पांढरे पट्टे बारीक आणि बहुधा जोडीजोडीने असतात. ते मानेजवळ पुसट किंवा नुसत्या ठिपक्यांसारखे असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे याच्या उलट असते. त्याचा रंग तपकिरीकडे झुकतो, मानेवरचा आणि पुढच्या भागातला पट्टा ठसठशीत असतो आणि शेपटीकडे जाता जाता पट्टे विरून जातात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध षटकोनी खवल्यांची एक ओळ असते आणि हे खवले आजूबाजूच्या खवल्यांपेक्षा मोठे असतात. कवड्याला अशी ओळ नसते. तो खडबडीत भिंतीवर सहज चढतो, तर मण्यार सहसा जमिनीलगत राहते. मात्र केवळ या सवयीवरून निर्णय घेऊ नये. मण्यारीच्या पिलांमध्ये पट्टे मानेपर्यंत स्पष्ट असू शकतात, आणि विजेरीच्या उजेडात तपकिरी रंगही काळा भासतो. म्हणून आपल्या वर्णनावरून मी कोणत्याही एका बाजूने कौल देणार नाही. ओळख पटेपर्यंत ती मण्यारच आहे असे धरून घरातली व्यवस्था करावी.

फिनाईल, कार्बोलिक आम्ल, लसूण, गंधक यांपैकी कशानेही साप भरवशाने दूर राहत नाही. कार्बोलिक आम्लाने मुलांची कातडी भाजण्याचा धोका मात्र खराखुरा आहे, ते कृपया घरात आणूच नका. साप येतो तो भक्ष्यासाठी आणि आडोशासाठी. आपल्या परसात उंदीर, पाली, बेडूक आहेत आणि विटांचा ढीग आहे, म्हणून तो तिथे आहे. शिवाय मण्यार इतर सापही खाते, त्यामुळे परसात कवड्या असला म्हणजे मण्यार येणार नाही असेही समजू नये.

याच कारणाने साप दूर नेऊन सोडण्याने फारसे साधत नाही. ढीग आणि उंदीर जागेवर राहिले तर रिकाम्या झालेल्या जागी दुसरा साप येतो, आणि अनोळखी मुलखात सोडलेला साप आडोसा व भक्ष्य शोधत भटकतो. घरात शिरलेला किंवा दाराशी ठाण मांडून बसलेला साप मात्र अवश्य हलवावा. त्यासाठी वनविभागाला किंवा नोंदणीकृत सर्पमित्राला कळवावे आणि मदत येईपर्यंत एकाने सुरक्षित अंतरावरून त्याच्यावर नजर ठेवावी. भारतातील साप वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 अन्वये संरक्षित आहेत, तेव्हा स्वतः पकडण्याचा किंवा मारण्याचा विचार कोणीही करू नये.

सर्वांत तातडीचे काम झोपण्याच्या जागेचे आहे. मण्यार निशाचर आहे आणि तिचे अनेक दंश जमिनीवर झोपलेल्या माणसांनाच होतात. शक्य असल्यास आजपासून सर्वांनी खाटेवर झोपावे. सासूबाईंना ते जमत नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी घट्ट खोचाव्यात. नेपाळच्या तराई भागात झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका बराच कमी असल्याचे आढळले आहे. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी आणि मोरीला बारीक जाळी बसवावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपले मनापासून आभार. सासूबाईंसाठी आज रात्रीपासूनच मच्छरदाणी लावत आहोत. आज सकाळी सरपणाजवळ एक कात मिळाली, ती मी काठीने उचलून कागदावर ठेवली आहे; तिच्यावरून काही कळू शकेल का? विटांचा ढीग हलवायचा ठरवले आहे, तो कसा हलवावा?

प्रतिसाद

कात मिळाली हे उत्तम झाले. तिच्यावर रंग फारसा उरत नाही, परंतु खवल्यांची रचना जशीच्या तशी उमटते. पाठीच्या मध्यरेषेवर मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ दिसते का ते पाहावे. त्यानंतर शेपटीची खालची बाजू तपासावी: मण्यारीत तिथले खवले अखंड, एकेरी ओळीत असतात, तर कवड्यात ते मधोमध दुभागून जोडीने असतात. या दोन्ही खुणा मिळाल्या तर शंकेला जागा राहत नाही. लांबीवरून मात्र अंदाज बांधू नये, कारण उतरताना कात ताणली जाते आणि सापापेक्षा लांब भरते. कात त्याच सापाची आहे हेही गृहीत धरता येत नाही, म्हणून ती कवड्याची निघाली तरी मच्छरदाणी काढू नये.

ढीग भर दिवसा, पायात गमबूट घालून, लांब दांड्याच्या फावड्याने किंवा आकड्याने वरून एकेक थर काढत हलवावा; मुलांना घरातच ठेवावे आणि सापाला निघून जाण्यासाठी कुंपणाकडची बाजू मोकळी सोडावी. दिवसा मण्यार सुस्त असते, वेटोळ्यात डोके लपवून पडून राहते आणि डिवचली तरी लगेच चावत नाही. या सुस्तीला कोणीही भुलू नये. साप दिसताच काम थांबवून मदत बोलवावी. नंतर सरपण जमिनीपासून हातभर उंच मांडणीवर, घराच्या भिंतीपासून दूर रचावे.

आणखी एक प्रतिसाद

मी ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. वरील सल्ल्याला एक महत्त्वाची जोड देतो. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख मृत्यू झाल्याचा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांतले जवळपास निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांतले होते. मण्यारीचा दंश बऱ्याचदा दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूणही सापडत नाही. रात्री किंवा पहाटे कोणी अचानक पोटदुखीने उठले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, एकाचे दोन दिसू लागले किंवा गिळता येईना, तर साप दिसला नसला तरी तो सर्पदंश समजावा. रुग्णाला चालवू नये, अंगठ्या व बांगड्या काढाव्यात, दंशाची जागा माहीत असल्यास तो अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा. आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, विष चोखणे यांपैकी काहीही करू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच असते, त्यामुळे साप ओळखण्यासाठी किंवा पकडून आणण्यासाठी वेळ दवडू नये. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून आपल्या जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिसर्पविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही उपलब्ध आहेत, याची चौकशी याच आठवड्यात करून तो दूरध्वनी क्रमांक घरातल्या प्रत्येकाला दिसेल असा लिहून ठेवावा.