मोझेल सहल: गाडी कोण चालवणार? (गुरुवारपर्यंत उत्तर हवंय)

प्राची, सोमवार, रात्री ९:५०

मंडळी,

थोडक्यात लिहिते. मंडळाच्या मोझेल नदीकाठच्या (जर्मनी) वाइन-सहलीला १४ जण नक्की झालेत. दोन नऊ-सीटर व्हॅन धरून ठेवल्या आहेत, गुरुवारी संध्याकाळपर्यंत पैसे भरले नाहीत तर त्या हातच्या जातील. चालकांची नावं द्यायची आहेत आणि माझ्याकडे एकच नाव आहे. तेही शैलाताईंचं, त्यांना न विचारता कुणीतरी एक्सेलमध्ये टाकलेलं.

शुक्रवारी कोखेम, शनिवारी ट्राबेन-ट्रारबाख आणि बेर्नकास्टेल, रविवारी ट्रिअर करून परत. रविवारी बऱ्याच ठिकाणी वाइनचं तळघर बंद असतं, त्यामुळे दोन्ही वाइन-टेस्टिंग शनिवारी आलीत, सकाळी ११ आणि दुपारी ३. ऑक्टोबर म्हणजे त्यांची ऐन तोडणी. वेळ दिलीय हेच उपकार, ती आता बदलून मागू नका.

"बघू" असं उत्तर कृपया कुणी देऊ नये.

प्राची


नंदूकाका, सोमवार, रात्री ११:२०

प्राची, छान आखलंयस. फक्त रविवारी ट्रिअरला पोर्टा निग्रा या रोमन वेशीसमोर फोटो काढून सगळे आइस्क्रीमच्या रांगेत लागतात, तसं यंदा नको. लांडेसम्युझियममध्ये नोयमागेनचं दगडी जहाज आहे ते बघायचंच. इ.स. २२० च्या सुमारचं, कुणा रोमन दारू-व्यापाऱ्याच्या थडग्यावरचं. दाढीवाले नाविक वल्ही मारतायत आणि मधे ही मोठाली पिंपं. त्यातला एक नाविक चक्क गालात हसतोय. अठराशे वर्षं झाली, अजून उतरलेली नाही.

गाडीचं एवढं काय? एकेक घोट तर घ्यायचा असतो. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा कुणी इतका विचार केला नव्हता.


मिलिंद (खजिनदार), मंगळवार, सकाळी ७:१५

> एकेक घोट तर घ्यायचा असतो

काका, एकेक घोट नसतो. हिशोब मांडतो.

एका टेस्टिंगला सहा वाइन, प्रत्येकी साधारण ५० मिली, म्हणजे ३०० मिली. मोझेलची गोडसर काबिनेट ९ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे जवळजवळ २२ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ७० किलोच्या पुरुषाला सुमारे ०.४४ प्रोमिले (रक्तातलं अल्कोहोल, हजारात किती ते), ६० किलोच्या बाईला ०.६. ड्राय, म्हणजे गोडी नसलेली, रीसलिंग घेतली तर ती १२ टक्क्यांची, मग पुरुषही ०.५८ च्या पुढे. मर्यादा ०.५. शरीर तासाला ०.१ ते ०.१५ एवढंच उतरवतं आणि ३ वाजता दुसरं टेस्टिंग उभंच आहे.

०.५ ला पहिल्या वेळी ५०० युरो दंड, नावावर दोन दंड-पॉइंट आणि महिनाभर लायसन्स जमा. गाडी वेडीवाकडी गेली किंवा ठोकली तर ०.३ लाच फौजदारी. मंडळाच्या खात्यातून यातलं काहीही भरलं जाणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवतो.

आणि व्हॅनचे पैसे भरण्याआधी मला विचारलं जावं. गेल्या खेपेला हॉलच्या डिपॉझिटचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.


ओंकार, मंगळवार, दुपारी १२:४०

सायकली! नदीच्या कडेने पूर्ण सपाट रस्ता आहे. ट्राबेन-ट्रारबाख ते बेर्नकास्टेल वीसेक किलोमीटर, दीड तास. लायसन्सचा प्रश्नच नाही.

मी व्हॅन चालवली असती, पण मी गाडी इथेच शिकलोय आणि अजून प्रोबेशनमध्ये, म्हणजे नव्या लायसन्सच्या परीक्षाकाळात आहे. मला ०.५ नाही, सरळ ०.० लागू. टेस्टिंगला जाऊन फक्त पाव खायचा का?


मिलिंद (खजिनदार), मंगळवार, दुपारी १२:५८

> लायसन्सचा प्रश्नच नाही

आहे. सायकलला १.६ ची मर्यादा आहे, पण झोकांड्या खाताना दिसलास किंवा कुणाला धडकलास तर तिथेही ०.३ पासून गुन्हा. लायसन्सही जाऊ शकतं. ई-स्कूटर तर मोटारगाडीतच मोडते, तेव्हा पुढची मेल लिहू नकोस.


सुलेखाकाकू, मंगळवार, दुपारी २:०५

ओंकार बाळा, माझा गुडघा तुला माहीत आहे. सायकलवर मी बसत नाही आणि नंदू बसला तर मी त्याच्या बरोबर येत नाही.


शैला, मंगळवार, रात्री ८:३०

दिवसभर वाचतेय. माझं नाव एक्सेलमध्ये कुणी टाकलं ते विचारत नाही, मला माहीत आहे.

मी पीत नाही. म्हणून मी ड्रायव्हर, असं गेली तीन वर्षं चाललंय. आरवाइलरला मी, राइनगाउला मी, गेल्या वर्षी पुन्हा मी. "शैलाताई असताना काय काळजी" हे वाक्य मला आता पाठ झालंय.

गेल्या वर्षीचं एकदा सविस्तर सांगते, कारण तेव्हा मागच्या सीटवर सगळे घोरत होते. कुणीतरी दोन बाटल्या फेडरवायसर घेतली होती. ती अजून आंबत असते, गॅस बाहेर पडावा म्हणून झाकण मुद्दाम सैल ठेवतात आणि बाटली उभीच न्यायची असते. दुकानातली बाई दोनदा "श्टेएंड, श्टेएंड" म्हणाली होती. मी ऐकलं, कारण शुद्धीत मीच होते. बाटल्या डिकीत आडव्या गेल्या. पहिल्या घाटातच सगळी माझ्या सतरंजीत मुरली. तासाभराने गाडीला गुऱ्हाळासारखा वास सुटला. रात्री साडेनऊला पोलिसांनी हात केला. काच खाली केली तसा तो पोरगा नाक मागे घेऊनच बोलायला लागला. मी म्हटलं मी घेत नाही. तो म्हणाला, हो, सगळे असंच सांगतात. रस्त्याच्या कडेला उभं राहून नळीत फुंकले. ०.००. त्याने पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा ०.००. मग टॉर्च मागे फिरवला, घोरणारी सहा तोंडं बघितली आणि मला म्हणाला, "माइन बायलाइड", म्हणजे तुमच्या दुःखात सहभागी आहे. माझ्या सांत्वनाला आजवर आलेला एवढा एकच माणूस.

सतरंजी टाकून दिली. ती आईची होती.

यंदा मी येणार आहे, चालवणार नाही. मलाही तळघर बघायचंय, बाहेर पार्किंगमध्ये बसायचं नाही. आणि तिथले बहुतेक लोक स्वतःचा द्राक्षाचा रसही काढतात, तो मला पेल्यात मिळावा, "हिला पाणी द्या" नको.


संजय, मंगळवार, रात्री ९:१०

त्या बाटल्या माझ्या नव्हत्या. एकच माझी होती.

बाकी फेडरवायसरवरून आठवलं. आमच्याकडे तासगावला ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी धरतात, गोडी बहाराची, आणि इथे त्याच महिन्यात तोडणी. पहिल्या वर्षी बाबांना फोनवर सांगितलं की इथे आत्ता द्राक्षं उतरवतायत, तर म्हणाले, तुला काही कळत नाही, तू नोकरी कर. फोटो पाठवले तेव्हा बोलले, "एवढ्या चढावर मांडव कसा घालतात?" मांडव नसतोच म्हटलं, एकेका वेलाला एकेक खुंट. ब्रेम गावच्या कालमोंट मळ्याचा उतार तर ६५ अंशांपर्यंत जातो, तिथे माणसं एकरुळी गाडीतून वर जातात. बाबा गप्प झाले. मग विचारलं, "आणि फवारणी?" हेलिकॉप्टरने म्हटल्यावर फोन ठेवला.


शैला, मंगळवार, रात्री ९:१४

> एकच माझी होती

एकच पुरली, संजय.


ऋचा, मंगळवार, रात्री १०:३५

एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये: थुंकणे.

टेबलावर जे भांडं असतं ते फुलं ठेवायला नसतं. मी विद्यार्थी असताना एका तोडणीला आठवडाभर काम केलंय. मालक स्वतः सकाळी तीस नमुने चाखायचा आणि सगळे थुंकायचा. त्याला तोडणी कुठून सुरू करायची ते ठरवायचं असायचं, झिंगून कसं चालेल? थुंकणाऱ्याला तिथे जाणकार समजतात. आपल्या लहानपणीच्या "येथे थुंकू नये" पाट्या जरा विसरा.

पण थुंकलं तरी थोडं पोटात जातंच, त्यामुळे थुंकणारा म्हणजे ड्रायव्हर, हे मी म्हणत नाही. मिलिंददादा, ०.३ लक्षात आहे.


नंदूकाका, मंगळवार, रात्री ११:०५

> थुंकणाऱ्याला तिथे जाणकार समजतात

ऋचा, तुझं ज्ञान बरोबर असेल. पण चांगली आउसलेझ, निवडक पिकल्या द्राक्षांची वाइन, तोंडात घेऊन भांड्यात टाकायची हे या जन्मी माझ्याच्याने होणार नाही. डॉक्टरने सांगितलं तरी नाही.

डॉक्टरवरून आठवलं. बेर्नकास्टेलच्या घरांच्या अगदी मागे जो मळा चढतो त्याचं नावच डॉक्टर. ट्रिअरचा एक आर्चबिशप तापाने फणफणला होता, तिथली वाइन प्यायला आणि उठून बसला, अशी गोष्ट सांगतात. खरी-खोटी देव जाणे, पण भाव त्या गोष्टीचाच लावतात.

आणि पूर्वी हा प्रश्न तिथल्यांनी सोडवला होता. नदीच्या उजव्या काठाने ट्रिअर ते बुलाय अशी छोटी रेल्वे होती, डब्यातच वाइन मिळायची. लोक तिला "जाउफबेनशेन" म्हणत, म्हणजे पिदाडी गाडी. साठच्या दशकात बंद केली, आता तिच्या वाटेवर बऱ्याच ठिकाणी सायकलींचा रस्ता आहे. मला एका आजीने सांगितलं, तिचा नवरा त्या गाडीत कधी चुकीच्या स्टेशनावर उतरला नाही, कारण तो उतरायचाच नाही. शेवटच्या स्टेशनावरून परत यायचा.


प्राची, बुधवार, सकाळी ६:५०

काका, ओरडणार होते, पण तुमच्या आजीच्या नवऱ्यानेच प्रश्न सोडवला. रात्री बसून सगळं तपासलं. व्हॅन सोडतेय.

कोब्लेन्झला गाडी बदलून कोखेम. सामान लॉकरमध्ये, किल्ला बघून संध्याकाळी पुढे बुलाय, तिथून छोटी शाखा-गाडी, वीस मिनिटांत ट्राबेन-ट्रारबाख. दोन्ही रात्री मुक्काम तिथेच. हे सगळं डॉइचलांड टिकिटात (देशभरच्या लोकल गाड्यांचा मासिक पास) बसतं.

बेर्नकास्टेलला रेल्वे जात नाही, तिथेच सगळं अडलं होतं. तर शनिवारी सकाळी बस आणि दुपारी परतीला बोट. नदी एवढी वळणं घेते की बोटीला दोनेक तास लागतात, मधे त्सेल्टिंगेनला लॉक आहे (बोट वरखाली करणारा पाण्याचा हौद), आणि वेलेनच्या मळ्यात १८४२ सालचं ते सूर्यघड्याळ पाण्यावरून नीट दिसतं. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत ते डोंगर ओलांडून चालत येऊ शकतात, ते अंतर नदीच्या निम्म्याहूनही कमी आहे. बोटीचं तिकीट वेगळं, डॉइचलांड टिकीट तिथे चालत नाही.

बोट गाठायची म्हणून ३ वाजताचं टेस्टिंग १ वर आणायला फोन केला. तुम्हाला "वेळ बदलून मागू नका" म्हणणारी मीच, मला कळतंय. बाई हो म्हणाली, पण मागे ट्रॅक्टर चालू होता आणि आवाजावरून खूश वाटली नाही.

संध्याकाळी श्ट्राउसविर्टशाफ्ट, म्हणजे मळेवाल्यांची घरगुती हंगामी खानावळ. दारावर झाडू किंवा फांदी टांगलेली असली की उघडं. कायद्याने ४० च खुर्च्या ठेवता येतात, त्यातल्या १४ आपल्या, म्हणून आगाऊ सांगितलंय. कार्ड चालेलच असं नाही, रोख आणा.

एक गाडी मात्र लागेलच, सुलेखाकाकूंसाठी आणि स्टेशन ते मुक्काम सामानासाठी. त्या दिवशीचा चालक एक थेंबही घेणार नाही.


मिलिंद (खजिनदार), बुधवार, सकाळी ७:२०

माझी गाडी घ्या. पेट्रोल मंडळाकडून, पावती हवी.

बाटल्यांचं आधीच सांगतो. सहाचं एक खोकं आठ किलोच्या आसपास जातं, १४ जणांची खोकी गाडीत मावणार नाहीत आणि मी दोनदा फेरी मारणार नाही. बारा किंवा अठराचं खोकं करून तिथूनच घरी पाठवायला सांगा, बहुतेक जण पाठवतात. फेडरवायसर पाठवत नाहीत, आणि माझ्या गाडीत तर ती येणारच नाही, उभी, आडवी, कशीही.

चालक चिठ्ठी टाकून ठरवावा. जे पितात त्यांचीच नावं. जे पीत नाहीत त्यांची नावं चिठ्ठीत नसतील. हे लेखी.


संजय, बुधवार, सकाळी ९:०२

चिठ्ठीला माझी हरकत नाही. पण टेस्टिंगच्या शनिवारी तरी ज्याला आवड कमी आहे त्याने चालवावं असं मला वाटतं. ओंकारला तसंही काबिनेट आणि स्पेटलेझ (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची) यातला फरक कळत नाही.


ओंकार, बुधवार, सकाळी ९:०६

काबिनेट म्हणजे आपली कार्यकारिणी. सगळ्यात हलकी, गोडही असते, आंबटही.


प्राची, बुधवार, रात्री ९:४०

आज हॉलवर ढोलताशाच्या प्रॅक्टिसनंतर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढल्या.
शुक्रवार: ऋचा
शनिवार: संजय
रविवार: मिलिंद


संजय, बुधवार, रात्री ९:४३

मी तर आज हॉलवर नव्हतोच. चिठ्ठी काढली कुणी?


शैला, बुधवार, रात्री ९:४४

मी. डोळे मिटून काढली. द्राक्षाचा रस चांगला असतो तिथला, विचारून ठेवलाय. तुझ्यासाठीही सांगू?