चर्चा: खान-ए-शहीद मुहम्मद वाचला असता तर बल्बनाचं घराणं टिकलं असतं का?

सरहद्द:
दिल्लीच्या सुलतान बल्बनाचा थोरला मुलगा मुहम्मद. सरहद्द सांभाळणारा सरदार शेरखान मेल्यावर बापाने त्याला सिंध-मुलतानची इक्ता, म्हणजे सारा वसुलीच्या हक्कासह तो मुलूख, दिली. 9 मार्च 1285 ला मंगोलांशी लढताना तो पडला, म्हणून ‘खान-ए-शहीद’. पुढच्या पाच वर्षांत घराणंच बुडालं. माझं मत ठाम आहे: हा एक माणूस जगला असता तर 1290 मध्ये खलजी तख्तावर बसले नसते.

त्याची खरी लायकी हिशेबात दिसते. इक्तेदाराने सारा वसूल करायचा, त्यातून शिपायांचा पगार भागवायचा आणि उरलेली रक्कम, म्हणजे फवाजिल, दिल्लीला धाडायची. इथेच घोडं पेंड खायचं, कारण वसूल कमी आणि शिपाई जास्त दाखवले की फवाजिल उरतच नाही. बल्बनाने हिशेबावर नजर ठेवायला ख्वाजे नेमले ते यासाठीच. मुहम्मद मात्र दरवर्षी खजिना घेऊन स्वतः बापापुढे हजर होई.

कागदपत्री:
हे इतिहासकार बरनीचं चित्र आहे, आणि त्याने ते घटनेनंतर सुमारे 70 वर्षांनी लिहिलं. त्याला सांगणारे कोण? अमीर खुसरो आणि अमीर हसन हे कवी, दोघेही मुलतानात पाच वर्षं मुहम्मदाच्या पदरी. ते धन्याला नावं कशाला ठेवतील? शिराझचा कवी सादी याला मुहम्मदाने दोनदा खर्चाचे पैसे पाठवून बोलावलं, सादीने म्हातारपणामुळे नकार देऊन स्वतःच्या हातच्या गझला पाठवल्या, हे सगळं सुंदर आहे. पण त्याने सरहद्द राखली जात नाही.

मंगोल थोपवले ते व्यवस्थेने. मुलतानहून मुहम्मद, पंजाबातल्या समान्याहून धाकटा भाऊ बुगरा खान आणि दिल्लीहून मलिक बेकतर्स, तिघांचे मिळून 17-18 हजार स्वार होतात असं बरनीच सांगतो. बंगालमध्ये तिथल्या सुभेदार तुघ्रिलचं बंड मोडल्यावर बल्बनाने बुगरा खानाला बंगालच्या राजधानीत, लखनौतीला बसवलं. या तिवईचा एक पाय तिथेच निखळला. 1285 च्या पराभवाची मुळं त्या निर्णयात शोधा.

रणवाट:
व्यवस्थेचं पटतं, पण त्या दिवशीची चूक मुहम्मदाच्या पदरात घालावीच लागेल. इतिहासकार फिरिश्ता सांगतो तो क्रम असा: तमर खानाचे मंगोल हटले, आपली फौज पाठलागावर पांगली, शहजादा सुमारे 500 स्वारांनिशी नमाजासाठी थांबला आणि दबा धरून बसलेले 2000 मंगोल त्याच्यावर तुटून पडले. आकडे बाजूला ठेवा, फिरिश्ता 300 वर्षांनी दक्षिणेत बसून लिहीत होता. पण खोटी माघार हा मंगोलांचा नेहमीचाच डाव. त्यावर उपाय एकच: मध्यफळी जागची हलवायची नाही, पाठलागाला फक्त एक तुकडी सोडायची, आणि राखीव स्वार सेनापतीच्या पाठीशी खडे ठेवायचे. खुसरो स्वतः त्या लढाईत कैद झाला. पदरचा कवीसुद्धा शत्रूच्या हाती लागतो, याचा अर्थ छावणीपर्यंत सगळंच कोसळलं होतं.

सरहद्द:
रणवाट, चूक झाली असेल, मान्य. पण मुलतानहून दीपालपूर 200 किलोमीटरच्या वर, आणि लढाई लाहोर-दीपालपूरच्या मुलखात. समान्याला बुगरा खान नसताना एवढ्या पट्ट्यात गडी कुठे कुठे पुरणार? आणि कागदपत्री, बरनी भाट असेल तर बल्बनाचा शोक तरी बघा. ऐंशीच्या घरातला सुलतान दिवसा दरबारात काही झालंच नाही असा बसे आणि रात्री कपडे फाडून, डोक्यात धूळ घालून रडे. पुढे त्याने बुगरा खानाला जवळ बोलावलं, तर तो शिकारीचं निमित्त करून परस्पर लखनौतीला निघून गेला. राज्य सोपवण्याजोगा मुलगा एकच होता, आणि बापाला ते कळत होतं.

कागदपत्री:
बापाची इच्छा दिल्लीत किती चालली? मुहम्मदाचा मुलगा कैखुसरो याला वारस नेमलं, बापाचीच मुलतानची इक्ता दिली. 1287 मध्ये बल्बन मरताच दिल्लीचा कोतवाल फखरुद्दीनने बुगरा खानाचा 17-18 वर्षांचा मुलगा कैकुबाद तख्तावर बसवला, कारण कोतवालाचं मुहम्मदाशी जुनं वाकडं होतं. मुलतान ते दिल्ली सरळ रेषेतच 550 किलोमीटरच्या वर. त्या रात्री ज्याच्या हाती शहराचे दरवाजे, त्याचा सुलतान. मुहम्मद असता तरी खबर त्याला काही दिवसांनीच मिळाली असती.

देवगिरीकर:
हा हिशेब फार कोरडा होतो. बल्बन एका रात्रीत गेला नव्हता. आजारपणात मुहम्मदाला बोलावलं असतं तर तो बुगरा खानासारखा पळाला नसता. तुलनाच करायची तर कडा प्रांताचा इक्तेदार अलाउद्दीन खलजीशी करा. त्याने चंदेरीवरच्या स्वारीचं नाव सांगून फवाजिलमधून नवे स्वार भरायची परवानगी काढली, 1296 मध्ये न कळवता रामदेवरायाच्या देवगिरीवर चालून आला, आणि त्याच लुटीच्या जोरावर चुलत्याला, सुलतान जलालुद्दीनाला, मारून तख्त घेतलं. मुहम्मदापाशी याहून कसलेली फौज होती. बाप तुघ्रिलच्या मागे बंगालमध्ये गुंतला असताना दिल्ली जवळजवळ मोकळी होती, तरी त्याने मुलतान सोडलं नाही.

कागदपत्री:
तीच तर अडचण आहे. दिल्लीचं तख्त त्या काळी झडप घालणाऱ्याला मिळे. कैखुसरोही कैकुबादाचा हुकूम येताच मुलतानहून निघाला आणि रोहतकला मारला गेला.

देवगिरीकर:
कैखुसरो कोवळा पोर होता. मुहम्मदाने वर्षानुवर्षं सरहद्द सांभाळली होती. तो निघाला असता तर मुलतानचे स्वार सोबत घेऊनच, आणि तसं झालं असतं तर फखरुद्दीनने दरवाजा उघडला असता.