रविवारी चिखलदरा: पॉइंट कमी, कॅम्प जास्त

सचिव: आपल्या कॉलनीच्या सहलीची वीस नावं पक्की. कॅम्प घाट चढून गावाच्या अलीकडे आहे. कुडाच्या भिंती, कवेलूचं (कौलांचं) छप्पर, अंगणात बाजा (खाटा), लाइट सोलरवर. सकाळी 6 ला निघू. पाहायचे पॉइंट कोणते ठेवायचे? भीमकुंड, गाविलगड, देवी पॉइंट, पंचबोल अशी मागणी आहे.

प्लॉट 6 काका: एवढे नका ठेवू जी. लेकरं अन् म्हातारे गाडीतून उतरवा, चढवा, पार्किंग शोधा, यात एका पॉइंटला पाऊण तास जातो. गाविलगडाला तर दोन-तीन तास हवेत, तो वेगळ्या दिवशी. आराम करायला जातोय ना, मग दिवस कॅम्पवरच काढा. फार तर परतताना भीमकुंड.

प्लॉट 14 वहिनी: स्वेटर लागेल का? दुपारी तर इकडे ऊन असतं.

प्लॉट 6 काका: लागेल. चिखलदरा 1,118 मीटरवर, आपण त्याच्या साडेसातशे मीटर खाली. हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश उतरतात, म्हणजे तिथे पाचेक अंश कमीच. बाज सावलीत टाकली की दुपारीही गार वाटतं. बुजुर्गांसाठी चादरी घ्या.

सचिव: जेवण रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे)-वांग्याची भाजी-वरण ठरलं. काकू, सामान सांगा.

प्लॉट 9 काकू: वीस जणांना जाडसर कणीक 4 किलो, मोहनाला तेल 400 ग्रॅम, ओवा, मीठ. वांगी 4 किलो, तुरीची डाळ दीड किलो, तूप 1 किलो, गोवऱ्या 60-70. कणीक घट्टच भिजवजा. सैल झाली तर रोडगा चिरतो अन् राख आत जाते. तीन-चार लहानमोठ्या पाऱ्या लाटायच्या, प्रत्येकीला तेल लावून एकात एक गुंडाळायच्या. तेलात कंजुषी केली की पदर चिकटतात, मधात कच्चं राहते. चाळीसेक रोडगे होतील.

आता मुख्य गोष्ट आराची, म्हणजे निखाऱ्यांची. गोवऱ्या साडेदहाला पेटवजा. जाळ बसला, धूर थांबला, वरून पांढरी राख आली की मगच रोडगे टाकायचे. घाई करून जाळात टाकले तर वरून कोळसा अन् आत पीठ. सगळीकडून डाग पडले की गरम राखेत दाबून ठेवायचे, पाऊण तास. काढून झटकायचे, फोडायचे, वर तूप. तूप थंड रोडग्यावर नका घालू, मुरत नाही.

प्लॉट 3 दादा: आर फक्त कॅम्पवाल्याच्या चुलीच्या जागेवर, भोवतालचा पाला झाडून, दोन बादल्या पाणी बाजूला ठेवून. निघताना पाणी ओतून राख हाताला थंड लागेपर्यंत हलवायची. वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात, पण सागाचा वाळका पाला आताही पेट घेतो.

प्लॉट 14 वहिनी: मुलं दिवसभर काय करतील?

प्लॉट 3 दादा: रानपिंगळा शोधतील! हे घुबड दिवसा बाहेर असतं, निष्पर्ण फांदीवर उघड्यावर बसतं, सकाळी उन्हात हमखास. 1884 नंतर शंभरावर वर्षं त्याची खात्रीची नोंदच नव्हती, 1997 मध्ये नंदुरबारकडे पुन्हा सापडलं, मेळघाटातही आहे. दुर्बीण आणा. मोबाइलवर त्याचा आवाज मात्र वाजवू नका, पक्षी हद्द राखायला धावतो, त्याचं खाणंपिणं सुटतं. आणि बूट घालण्याआधी झटकायला शिकवा, कुडाच्या घरात विंचू असतो.

सचिव: पैसे?

प्लॉट 6 काका: रोख. रेंज गेली की फोन-पेमेंट अडकतं. डिझेल परतवाड्यातच भरा. घाटात मळमळणाऱ्यांना पुढे बसवा, निघताना पोटात थोडंसंच असू द्या, कचोरी वर पोचल्यावर.

सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणून भीमकुंड धरून कॅम्प साडेतीनला सोडा. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये. सतत ब्रेक दाबला की लायनर तापतं, जळका वास येतो, मग पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. वास आलाच तर बाजूला लावून अर्धा तास थांबा, चाकावर पाणी मारू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

प्लॉट 9 काकू: गहू शनिवारी सकाळीच गिरणीवर द्या कोणी. "रोडग्याचं" सांगजा, नाही तर पोळीसारखं बारीक दळून देईल.

प्लॉट 14 वहिनी: मी देते. गोवऱ्या कोण आणतंय?

प्लॉट 3 दादा: मी. वाळलेल्या पाहून आणतो, पोत्यात भरून टपावर बांधू.