केमोथेरपी चालू असताना रेकी घेतलेली चालेल का?

प्रश्न:
माझ्या आईची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली असून सध्या केमोथेरपी चालू आहे. शेजारच्या काकू रेकी शिकलेल्या आहेत. त्या येऊन आईच्या डोक्यावर, खांद्यांवर आणि पोटावर हात ठेवतात, आणि त्या रात्री आईला खरोखरच शांत झोप लागते. मात्र रेकीच्या एकवीस दिवसांनंतर उलटीच्या गोळ्या हळूहळू बंद करता येतील, असे त्यांनी सुचवल्यापासून मी धास्तावलो आहे. रेकी चालू ठेवावी का?

उत्तर १:
रेकी चालू ठेवायला हरकत नाही, पण कोणती गोळी कधी बंद करायची हे फक्त आईंच्या कर्करोगतज्ज्ञांनीच ठरवावे. केमोथेरपीत उलट्या आवरल्या नाहीत, तर शरीरातले पाणी कमी होते, जेवण सुटते आणि पुढचा डोसही लांबणीवर पडू शकतो. मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये जपानमध्ये सुरू केलेल्या या पद्धतीत हातांतून रुग्णाला मिळणारी जी ऊर्जा मानली जाते, तिचे अस्तित्व आजवर सिद्ध झालेले नाही. चिंता आणि नैराश्यावरील रेकीच्या उपयोगाचा, वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणारे तीनच अभ्यास मिळाले आणि त्यांवरून उपयोग होतो किंवा होत नाही, असे काहीच ठामपणे सांगता आले नाही. तरीही आईंना लागणारी झोप खरी आहे. आजारी माणसाजवळ कोणीतरी मायेने, घाई न करता बसते, याचे मोल मी फार मानते.

उत्तर २:
कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या औषधे व जादूई उपचारविषयक कायद्याने बंदी आहे. काकूंचा हेतू चांगलाच असेल, परंतु असा दावा करून कोणी पैसे मागू लागले, तर सावध राहावे.

उत्तर ३:
मी स्वतः रेकी देते आणि औषध कमी करा असे कोणालाही सांगत नाही. टाके किंवा केमोचे पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) असलेल्या जागी हात टेकवू नये, थोडा वर धरावा. केमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात आणि संसर्ग लवकर होतो, म्हणून काकूंनी साबणाने हात धुऊनच आईंजवळ बसावे आणि स्वतःला सर्दी-खोकला असल्यास येऊ नये. रेकी चालू असल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगा. आईंचा ताप १००.४ फॅरनहाइटपर्यंत गेला, तर मात्र रात्र असो वा दिवस, त्यांना तडक रुग्णालयात न्या.