मदत हवी आहे: 18 पूर्ण झाल्यावर बालसंगोपनचे पैसे नेमके कधी थांबतात?

माझी वहिनी भांडुपला राहते, दादा गेल्यापासून घरकामं करते. तिच्या मुलीला सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचे (आई किंवा वडील गेलेल्या मुलांसारख्यांसाठीची सरकारी मदत) महिना 2250 रुपये मिळतात. येत्या 14 जानेवारीला ती 18 पूर्ण करतेय. बारावीची परीक्षा त्यानंतर, फेब्रुवारीत!

योजना 18 वर्षांपर्यंतच आहे, ते माहीत आहे. पण पैसे दरमहा येत नाहीत, थकून एकदम येतात. पासबुकात शेवटची नोंद जूनची, पुढचं सगळं कोरं. ऑफिसात दोनदा जाऊन आलो. एकाने ‘वाढदिवसापर्यंतचे मिळतील’ सांगितलं, दुसऱ्याने ‘18 झाल्यावर नाव आपोआप उडतं’. लेखी कुणीच देत नाही. बालकल्याण समितीचा आदेश, बोनाफाईड, आधार जोडलेलं खातं, सगळं जागेवर आहे.

अनाथालयातून बाहेर पडणाऱ्यांना 21पर्यंत मदत असते असं वाचलं, पण ही आईजवळच वाढलेली. धाकटा 13 वर्षांचा, त्याचा अर्ज वेगळा आहे.

कुणाच्या घरात हल्लीच मूल 18चं झालंय का? थकलेले हप्ते वाढदिवसानंतर खात्यात आले का, की त्याआधीच काही अर्ज द्यावा लागला?