वाईत दोन दिवस: ७६ वर्षांचे सासरे, नऊ वर्षांची लेक आणि गड चढायचाच म्हणणारा नवरा

चिंचवडची_सून

फेब्रुवारीत एक शनिवार-रविवार वाईला जायचं ठरतंय. आजवर ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच सांगितलं, ढोल्या गणपतीचं दर्शन घ्या, चहा प्या आणि पाचगणीला वर निघा. पाचगणी आम्हाला नको आहे. गेल्या वर्षी टेबललँडवर लेक घोड्यावर बसली आणि उतरेपर्यंत रडत होती, ते पुन्हा नको.

आमची तऱ्हा अशी: सासऱ्यांचा डावा गुडघा कुरकुरतो. पायऱ्या उतरतात, चढताना मात्र कठडा नाहीतर कुणाचा तरी खांदा लागतो. लेकीला पाणी दिसलं की त्यात पाय घालायचे असतात. नवऱ्याला गड पाहिजे, कुठलाही चालेल. मला नदीकाठी दोन तास बसायचं आहे, मधे कुणी "आई, बाटली कुठंय" न विचारता.

गाडी गॅरेजला आहे, म्हणजे एसटीच. जमेल का? आणि दोन दिवस पुरण्याइतकं वाईत काही आहे का?

रिटायर_कंडक्टर

ताई, आधी तिकिटाचा हिशोब करू, हात अजून तिकडेच वळतो. सासरे ७५ च्या वर, त्यांना एसटी फुकट. तुम्हाला अर्धं तिकीट, मुलीला अर्धं. पूर्ण पैसे एकट्या तुमच्या मालकांचे. चार माणसं, पैसे दोघांचे. सासऱ्यांचं आधार कार्ड मात्र वरच्या खिशात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. कंडक्टर उभा, मागं लाइन आणि आजोबा पिशवीत हात घालून बसलेत, हे मी चोवीस वर्षं पाहिलंय.

स्वारगेटवरून वाईची गाडी धरा, नाहीतर वाईमार्गे महाबळेश्वरची. खंबाटकी घाट झाला की सुरूर फाट्याला गाडी हायवे सोडून उजवीकडे वळते. तिथनं वाई फार नाही. शनिवारी सकाळी लवकर निघा, नंतर महाबळेश्वरच्या गाडीत उभं राहायलाही जागा नसते.

आता वाईत काय आहे ते. लोक स्टँडवर उतरायचे, मला विचारायचे "गणपती किती लांब", वीस मिनिटांत परत यायचे आणि म्हणायचे झालं बघून. काय बघितलं? समोरून दर्शन घेतलं. ताई, तुम्ही दर्शन झालं की देवळाच्या मागच्या अंगाला जा. त्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, टोक काढलेली. कृष्णेला पूर आला की पाण्याची धार त्या टोकावर फुटावी आणि दोन्ही बाजूंनी निघून जावी म्हणून. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये देऊळ बांधलं, तेव्हापासून किती पूर येऊन गेले असतील. लेकीला आधी काही सांगू नका, "ही भिंत कशासारखी दिसते" एवढंच विचारा.

शेजारीच काशीविश्वेश्वर आहे, हा पाच वर्षांनी थोरला, १७५७ चा, आनंदराव रास्त्यांचा. त्याच्यापुढचा नंदी काळ्या दगडाचा, असा गुळगुळीत की हात फिरवल्याशिवाय माणूस पुढे जात नाही. सासऱ्यांना तिथं बसवा. सावली असते.

रविवारी सकाळी मेणवली. तीनेक किलोमीटर, रिक्षा करा, गुडघ्याला चालायला लावू नका. सातला पोचा. दहानंतर तिथं फोटो काढणाऱ्यांची झुंबड असते, एक जोडपं घाटावर, एक वाड्याच्या दारात, आणि मधून आपण वाकून जायचं. नाना फडणवीसांना हे गाव इनाम मिळालं १७६८ मध्ये. वाडा आहे, सहा चौकांचा, भिंतींवर जुनी चित्रं आहेत. पण मला विचाराल तर वाडा नंतर, आधी घाट. नदी तिथं वळण घेते आणि घाट तिच्याबरोबर वळतो, अर्धा चंद्र ठेवल्यासारखा. तुमचे ते दोन तास इथले.

घाटावर एका दगडी चौकटीत मोठी घंटा टांगलेली आहे. ती देवळाची नव्हेच, चर्चची. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली तेव्हा तिकडच्या घंटा इकडं आल्या. नाशिकच्या नारोशंकराची आणि भीमाशंकरची घंटाही तिकडचीच. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि कडेवर बाळ येशू आहे, आणि १७०७ साल. वर महादेव, खाली कृष्णा, मधे मेरीमाता. चोवीस वर्षं त्या रूटवर होतो, पण जवळ जाऊन बघितली रिटायर झाल्यावर. ड्युटीवर असताना तिथं डबल बेल द्यायची आणि पुढं.

पाणी, पाय आणि पायऱ्या यांचं वाईकर सांगतील.

रविवारचा_गडी

नवऱ्यासाठी पांडवगड. वाईतून वर बघितलं की दिसतो तोच. शिलाहार राजा भोज दुसरा याने बांधलेला, उंची ४,१७७ फूट. मेणवलीकडून वाट आहे. पहाटे सहाला सुटला तर अडीच-तीन तासांत माथ्यावर, पांडवजाईचं देऊळ बघून, शिदोरी खाऊन दोनपर्यंत खाली. तुम्ही सगळे मेणवलीत असाल तेव्हा तो तिथूनच चढेल आणि तिथेच उतरेल, कुणी कुणासाठी थांबायला नको.

वर सावली कमी आहे. पाणी तीन लिटर, दोन नाही. आणि मधमाश्यांची पोळी दिसली तर सिगारेट, अत्तर, आरडाओरडा, सगळं बंद.

त्याने "कमळगडच करतो" म्हटलं तर हसून विषय बदला. कमळगड सुंदर आहे, माथ्यावर कावेची विहीर आहे, लालभडक गेरूच्या मातीत खोल पायऱ्या उतरत जातात आणि तळाशी पोचलं की अंगाला गारवा लागतो. पण तो धोमच्याही पलीकडे, नांदगणे किंवा वासोळ्यातून चढायचा, पूर्ण दिवसाचं काम. संध्याकाळची परतीची एसटी धरायची असेल तर नकोच.

चिंचवडची_सून

कंडक्टरकाका, तुमचा निरोप सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. घंटेचं ऐकून चष्मा पुसून परत वाचायला घेतला त्यांनी. नवरा पांडवगडावर राजी आहे (कमळगडचं नाव काढलंच होतं, हसून विषय बदलला).

दोन शंका. घाटाच्या पायऱ्या गुडघ्याला झेपतील का? आणि लेकीला पाण्यात उतरू द्यावं का?

माहेर_गंगापुरी

मी वाईची माहेरवाशीण, म्हणून मला राहवत नाही.

पायऱ्या रुंद आहेत, पण एकसारख्या नाहीत. दोन उतरल्या की तिसरी उंच निघते, दगड झिजून मधे खोलगट झालेत. कठडा सगळीकडे नाही. सासऱ्यांना गणपती आळीच्या घाटावर वरच्या दोन-तीन पायऱ्यांवर बसवा, नदी तिथूनही पूर्ण दिसते. खाली पाण्यापर्यंत नेण्याचा हट्ट नको. मेणवलीत जास्त पायऱ्या आहेत. हळूहळू उतरवा आणि वर यायला भरपूर वेळ धरा.

पाण्याचं विचारलंत तर शेवटच्या दोन पायऱ्यांवर शेवाळ असतं. हिरवं दिसतं ते ठीक, डोळ्यांना कळतं तरी. काळपट असतं ते दगडासारखंच दिसतं, आणि माणूस त्याच्यावरूनच जातो. पाय बुडवायचे तर बसून, बसलेल्या जागेवरून. उभ्याने पाण्यात उतरायचं नाही, पोहायचं तर नाहीच. वर धोम धरण आहे, त्याच्याही वर बलकवडी. पाणी सोडलं की नदी चढते, आणि काठावर बसलेल्याला ते लगेच कळत नाही. आमची आजी पायरीवर खडा ठेवायची. खडा भिजला की आम्ही सगळ्या वर.

आणि एक, माघ लागला असेल तर कृष्णाबाईचा उत्सव चालू असेल. सात आळ्यांच्या घाटांवर पाळीपाळीने चैत्रापर्यंत चालतो: भीमकुंड, धर्मपुरी, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, रामडोह, ब्राह्मणशाही (पाळीचा क्रम वेगळा आहे, मी आठवतील तशा लिहिल्या). अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसाची गोष्ट त्याच्यामागे सांगतात. घाटावर मांडव असतो, देवी असते, संध्याकाळी कीर्तन असतं. कुणालाही विचारा, आज कृष्णाबाई कुठल्या आळीत? घरचंच माणूस असल्यासारखं उत्तर मिळेल.

गंगापुरीतून जाताना मराठी विश्वकोशाचं कार्यालय लागेल. सुट्टीच्या दिवशी बंद असतं, बाहेरूनच बघा. एवढ्याशा गावात बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी अख्ख्या जगाची माहिती अ पासून लावायला घेतली, याचं लहानपणी काहीच वाटायचं नाही. आम्हाला वाटायचं प्रत्येक गावात एक असतं, पोस्टासारखं.

पुण्याहून_सहज

वाईची हळद घ्यायला विसरू नका, जीआय मिळालेली वायगाव हळद तीच ना?

रिटायर_कंडक्टर

नाही हो. वायगाव वर्धा जिल्ह्यातलं, तिची हळद वेगळी. आमच्या वाईची हळद वाईचीच. फेब्रुवारीत काढणी चालू असते, धोमच्या रस्त्याला शिजवलेल्या हळदीचा वास गाडीत शिरायचा आणि उतारूंचं भांडण चालू असलं तर थांबायचं. थांबायचं म्हणजे, एखाद मिनिट.

धोमचं राहिलंच. ताई, मेणवलीतनं रिक्षा तशीच पुढं न्या. सगळे धरण बघायला जातात. धरण बघायचं तर बघा, पण गावातल्या महादेवाच्या देवळात नंदी आहे, तो कासवाच्या पाठीवर बसलाय, आणि कासव कमळाच्या आकाराच्या दगडी हौदात. हौदात पाणी असलं की कासव तरंगतंय असं वाटतं. शेजारी नरसिंहाचं देऊळ. सासऱ्यांना एक पायरीसुद्धा फार चढायला लागत नाही.

सातारा रस्त्याला लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे, विरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ मध्ये बांधलेली, आत चक्क दालन आहे. पण ती पुढच्या खेपेला. एका दिवसात जास्त कोंबलं की म्हातारी माणसं तोंडानं "मी ठीक आहे" म्हणतात आणि परतीच्या गाडीत बोलत नाहीत.

चिंचवडची_सून

जाऊन आलो.

लेकीने भिंत बघून "मासा" असं लगेच नाही म्हटलं. आधी "इस्त्री" म्हणाली. मग खाली उतरून लांबून बघितल्यावर "मासा, आणि तो नदीकडे तोंड करून झोपलाय."

मेणवलीला सव्वासातला पोचलो. नवरा वाट विचारून वर गेला, एकला खाली आला, तीनही लिटर पाणी संपवून. सासरे घंटेपाशी थांबले ते थांबलेच. चष्मा काढून बोटाने आकडे चाचपत होते, एक, सात, शून्य, सात. मग म्हणाले, "हिला इथली सवय व्हायला किती वर्षं लागली असतील गं?" मला काही उत्तर सुचलं नाही. वर यायला त्यांना वीस मिनिटं लागली, माझ्या खांद्यावर हात आणि मधे दोन मुक्काम.

माझे दोन तास म्हणाल तर एक तास दहा मिनिटं मिळाले. पायरीवर खडा ठेवला होता, तो कोरडाच राहिला.

धोमचा नंदी लेकीला सगळ्यात आवडला. हौदात पाणी होतं.

फजिती एकच. शनिवारी संध्याकाळी गणपती घाटावर सगळ्यांना शेवाळाचं भाषण देऊन नवरा स्वतः "हे कोरडं आहे" म्हणत खालच्या पायरीवर गेला. काळपट होतं. बसला धप्पकन, लागलं काही नाही, पण डावी चप्पल कृष्णेत गेली. गड बुटांत चढायचा होता म्हणून निभावलं.

रिटायर_कंडक्टर

काळजी करू नका ताई. इथनं पाणी कराडलाच जातं. प्रीतिसंगमावर चौकशी करा, पण उजवी बरोबर न्या, जोडी पटवायला लागेल.